अकरा दिवस, दोन ट्रॅक आणि तेलाची सुई

गुरुवार

गाडी ट्रेलरवर चढवायला वीस मिनिटं लागतील असं मी दर वेळी धरते आणि दर वेळी दीड तास जातो. चढवणं सोपं आहे, नेमकी जागा सापडणं अवघड. गाडी वीतभर जास्त मागे राहिली की ट्रेलरचा पुढचा दांडा हलका होतो आणि मग वेग धरला की मागचा सगळा संसार डावीउजवीकडे झुलायला लागतो. तो झोका एकदा अनुभवला की माणूस आयुष्यभर पट्टे दोनदा तपासतो. दादाने पट्टे आवळले, मी तपासले, मग त्याने माझं तपासणं तपासलं.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. हाच माझा मेकॅनिक, हाच टीम मॅनेजर, आणि पिटच्या भिंतीवरून पाटी दाखवणाराही हाच. गाडी तिशीतली आहे. छोटी, दोन सीटांची, त्यातली एक काढून टाकलेली. १.८ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आत लोखंडी पिंजरा. ब्रिटनमधल्या क्लब रेसिंगमध्ये अशा गाड्या पायलीला पन्नास. आमच्या वर्गात पंचवीस-तीस जण असतात, सगळे सोमवारी सकाळी कामावर जाणारे.

सीझनचा हिशेब असा. मार्चमध्ये स्नेटरटनला क्लचचा खालचा सिलिंडर गळाला आणि अर्धी रेस मी क्लचशिवाय गिअर टाकत काढली. मेमध्ये ब्रँड्स हॅचला पॅडॉक हिलच्या उतारावर गाडी गरकन फिरली आणि वाळूत जाऊन बसली. त्या सापळ्यातली खडी अजून सीटखाली सापडते. जुलैत ओल्टन पार्कला अल्टरनेटरचा पट्टा तुटला. जमेची बाजू एकच: नवशिक्या ड्रायव्हरला मागच्या बंपरवर लावावी लागते ती पिवळ्या चौकोनातली काळी फुली या वर्षी निघाली. आता चूक केली तर मागचे लोक समजून घेत नाहीत.

उरल्या होत्या शेवटच्या दोन फेऱ्या, लागोपाठच्या शनिवार-रविवारी. आधी लिंकनशरमधलं कॅडवेल पार्क, मग लेस्टरशरमधलं मॅलरी पार्क.

ट्रेलर मागे असला की मोटरवेवरसुद्धा ताशी ६० मैलांच्या वर जायचं नाही, आणि तीन लेनच्या रस्त्यावर सर्वांत वेगवान लेन आपल्याला बंद. म्हणून प्रवास म्हणजे ट्रकच्या मागे ट्रक बघत बसणं. दादा प्रत्येक थांब्याला उतरतो आणि ट्रेलरच्या चारही चाकांच्या मध्यभागी हाताची उलटी बाजू टेकवतो, ताप पाहिल्यासारखी. दुसऱ्या थांब्याला म्हणाला, "तीन सारखी आहेत. मागचं उजवं जरा गरम आहे."

"ब्रेक चिकटत असेल," मी म्हणाले.

शुक्रवार

कॅडवेल पार्क पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही रेसची जागा वाटतच नाही. टेकड्या, झाडी, मधून वळत गेलेला डांबरी रस्ता, तोही अरुंद. १९३४ पासून इथे मोटारसायकली धावतात आणि ट्रॅकचा स्वभाव अजून मोटारसायकलींचाच आहे. पूर्ण फेरी २.१८ मैलांची, म्हणजे साडेतीन किलोमीटर. सपाट असं फार थोडं. नकाशा पाठ करून काही उपयोग नाही, कारण नकाशात चढ-उतार दिसत नाहीत आणि इथे सगळं तेच आहे.

आज सराव होता, वीस-वीस मिनिटांची सत्रं. पहिल्या सत्रात मी फक्त ओळख करून घेतली. कॉपिसचं डावं चढाचं वळण, लगेच चार्लीजचं लांब उजवं, मग पार्क स्ट्रेट. तिथे पाय खाली ठेवून थोडा श्वास घ्यायचा, कारण टोकाला पार्क नावाचं उजवं वळण येतं आणि अख्ख्या फेरीतला सर्वांत जोराचा ब्रेक तिथे लागतो.

दुसऱ्या सत्राच्या सहाव्या फेरीत तिथे पेडल दाबलं आणि ते थेट जमिनीला टेकलं. काहीच नाही. ओल्या स्पंजवर पाय ठेवल्यासारखं. अशा वेळी काय करायचं हे सगळ्यांना माहीत असतं: भराभर पुन्हा दाबायचं. तिसऱ्या दाबाला थोडा ब्रेक मिळाला, तोवर वळण मागे पडलं होतं. गाडी गवतात शिरली, शंभरेक मीटर नांगरत गेली आणि शहाण्यासारखी थांबली. मी दिवा लावून हळूहळू परत आले.

दादाने काही विचारलं नाही. पेडल हाताने दाबून पाहिलं आणि म्हणाला, "ऑइल कुठलं घातलं होतंस?"

बाटली मार्चमध्ये उघडलेली होती. झाकण अर्धवट लावून शेल्फवर पडलेली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, हा त्याचा स्थायीभाव आहे. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ठरावीक पाणी मुरल्यावर ती हद्द १५५ पर्यंत खाली येऊ शकते. रेसमध्ये कॅलिपर, म्हणजे चाकापाशी ब्रेक आवळणारे भाग, सहज तेवढे तापतात. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. पाय जमिनीला टेकतो तो त्या वाफेवर.

संध्याकाळी चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. मी पेडलवर, दादा चाकापाशी आडवा, बाटलीत नळी घालून. "दाब." दाबते. "धर." धरते. तो निपल सैल करतो, पाय सावकाश खाली जातो, नळीतून चहासारखं काळपट ऑइल बुडबुडत येतं. तो निपल आवळतो. "सोड." सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात, सगळ्यांत जवळचं शेवटी. प्रत्येक चाकाला वीस-पंचवीस वेळा. मध्ये मी दाब आणि धर यांत घोळ केला, त्याने "सोड" म्हणायच्या आधी पाय उचलला, हवा परत आत गेली आणि ते चाक पहिल्यापासून. बहीण-भावाचं नातं तपासायचं असेल तर हा उत्तम मार्ग आहे.

अंधार पडता पडता पेडल दगडासारखं झालं.

एक गोष्ट त्याला सांगायची राहिली. चार्लीजमध्ये तेलाच्या दाबाची सुई खाली जाते. नेहमी चारच्या आसपास असते ती वळणाच्या मध्यावर दीडवर येते आणि बाहेर पडताना परत जागेवर. मार्चमध्ये स्नेटरटनच्या कोरम नावाच्या वळणाला पण अशीच जायची. सेन्सरची वायर ढिली आहे असं माझं तेव्हापासून ठाम मत.

शनिवार

सकाळी तपासणी. रांगेत गाडी ढकलत न्यायची, बॉनेट उघडं, हेल्मेट आणि सूट सीटवर मांडून ठेवायचे. तपासनीस सीटच्या पट्ट्यांच्या लेबलवरची तारीख बघतात (ती उलटली की पट्टे कितीही नवे दिसोत, बाद), बाहेरून वीज तोडायचा स्विच ओढून पाहतात, चाकं हलवून पाहतात. आमचं घोडं अडलं बॅटरीच्या अर्थ वायरवर. त्या वायरीवर पिवळी खूण लागते, म्हणजे अपघात झाला तर मदतीला येणाऱ्याला कुठली तोडायची ते शोधावं लागू नये. आमची पिवळी चिकटपट्टी सुटून कुठेतरी पडली होती. शेजारच्या निळ्या गाडीच्या मालकाने न विचारता रीळ पुढे केलं.

हे सत्तरीचे गृहस्थ. आम्ही आपसात त्यांना निळे काका म्हणतो, त्यांना अर्थातच माहीत नाही. माझ्यापेक्षा ते फेरीला दीड सेकंद वेगवान आहेत आणि ओव्हरटेक केल्यावर हात दाखवतात. तो हात आभाराचा की निरोपाचा, मला अजून कळलेलं नाही.

क्वालिफाइंग, म्हणजे रेसला कुठून सुटायचं ते ठरवणारं सत्र, पंधरा मिनिटांचं. २६ जणांत सतरावी.

आणि मग दुपारची रेस. सुरुवात बरी झाली, पहिल्याच वळणात दोन जण एकमेकांत गुंतले आणि मी त्यांच्या बाजूने सरकले. पण मला सांगायचं आहे ते माउंटनबद्दल.

मॅन्सफील्डच्या डाव्या वळणातून बाहेर आलं की समोर एक डाव-उजवं वळण येतं आणि त्याच्या आतच रस्ता उभा चढतो. मोटारसायकली इथे दोन्ही चाकं सोडून उडतात, तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. गाडी उडत नाही, निदान माझी तरी. पण चढ संपतो तिथे ती एकदम हलकी होते. पोटात पाळण्यासारखं होतं, स्टिअरिंगमधला जोर निघून जातो, मागची चाकं मोकळी फिरल्याने इंजिनाचा आवाज क्षणभर वर चढतो. त्या क्षणी स्टिअरिंग सरळ असलं पाहिजे. वाकडं असेल तर गाडी परत टेकते तेव्हा ज्या दिशेला चाकं आहेत तिकडे जाते, आणि तिकडे झाडं आहेत. म्हणून सगळी कला चढाच्या आधी: डावं वळण मुद्दाम सावकाश घ्यायचं, गाडी लवकर सरळ करायची, आणि मग आभाळाकडे बघत पाय खाली. पुढे काय आहे ते दिसत नाही. ते आठवायचं असतं.

पाचव्या फेरीला मला हे नीट जमलं. एकदाच. माथ्यावर गाडी हलकी झाली, टेकली, आणि हॉल बेंड्सच्या झाडीत मी अशी शिरले की पुढच्या पांढऱ्या गाडीचं बंपर एकदम मोठं दिसायला लागलं. हेअरपिनला तिला आतून गाठली. तेवढ्या चार सेकंदांसाठी मार्चपासूनचा खटाटोप असतो, असं त्या संध्याकाळी मी दादाला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तो पाने पुसत होता.

पंधरावी आले. पेडल शेवटपर्यंत घट्ट. सुई चार्लीजला आणि ख्रिस कर्व्हला खाली जातच होती. ख्रिस कर्व्ह तर संपतच नाही, उजवीकडे वळतच राहतं. या वेळी दादाला सांगितलं, पण वायरीच्या निदानासकट. त्याने सेन्सरची वायर काढून साफ करून परत लावली.

रविवार

रात्रभर पाऊस. आमच्या वर्गात ओल्या-कोरड्याला टायर एकच, त्यामुळे बदलायचं काही नव्हतं. नेहमीच्या वाटेवर रबर घासून गुळगुळीत झालेलं असतं आणि त्यावर पाणी पडलं की साबण. म्हणून पावसात वळणं बाहेरच्या खडबडीत भागावरून घ्यायची.

पहिल्या चार फेऱ्या मी अगदी सुखात होते. पावसात सगळे घाबरतात, त्यामुळे मी तेवढी मागे पडत नाही. आणि सुई! चार्लीजला चारवर. ख्रिस कर्व्हलाही चारवर. वायर साफ केल्याचा परिणाम, मी मनात दादाला शाबासकी दिली.

मग वाट सुकायला लागली. वेग वाढला. आठव्या फेरीला ख्रिस कर्व्हमध्ये नजर गेली तर सुई एकच्याही खाली. गूजनेकच्या उताराला बॉनेटखालून एक आवाज यायला लागला. लाकडी दारावर कुणी बोटाच्या पेराने वाजवावं तसा. टक, टक, टक. पाय दाबला की जोरात, सोडला की हळू. ज्यांनी तो ऐकला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मी लगेच इंजिन बंद केलं आणि मॅन्सफील्डच्या बाहेर, अडथळ्याच्या फटीतून गवतावर गाडी सोडली.

मार्शल धावत आले, हेल्मेटमध्ये डोकावले, अंगठा वर करून विचारलं. मी बरी होते. वरच्या चौकीवर पिवळा झेंडा हलत होता. सीझनभर मी तो दुसऱ्यांसाठी पाहून पाय काढत आले. आज बाकीचे माझ्यासाठी काढत होते. निळे काका गेले, जाता जाता हात दाखवून.

पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या ठेवायच्या आवारात, दादाने तेलाचा बोल्ट सैल करून कपभर तेल पांढऱ्या डब्यात घेतलं आणि बॅटरीच्या उजेडात हलवलं. रांगोळीत चमकी मिसळावी तसं ते चमकत होतं.

"बेअरिंग," तो म्हणाला.

मॅलरीला आठवडा होता. मी ट्रेलरच्या पायरीवर बसून राहिले. निळ्या काकांनी त्यांचा बूट सोडता सोडता सांगितलं की त्यांच्या शेडमध्ये इंजिन उचलायची क्रेन आहे, आणि वाट थोडी वाकडी करावी लागेल एवढंच.

सोमवार

सुट्टी सोमवारचीच होती. साहेबांना फोन करून आठवडाभराची केली. कारण काय सांगितलं ते लिहीत नाही.

आमच्या गाडीत चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं ते भांडं, काढायचं तर मध्ये आडवा दांडा येतो. म्हणून इंजिन वरून क्रेनला टांगायचं, खालचे पाये सोडायचे आणि दोन-तीन इंच उचलायचं. गाडी लोखंडी घोड्यांवर, क्रेनची साखळी ताणलेली, आणि आम्ही दोघं पाठीवर झोपून एकमेकांच्या कोपराला कोपर लावून. चेंबरचे बोल्ट छोटे, पण खूप. शेवटचा नेहमी अशा जागी असतो जिथे पाना पाव फेरीपलीकडे फिरत नाही.

दुपारी चेंबर खाली आलं. दादाने ते उलटं धरून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"यात पडदा नाही."

चेंबरच्या आत आडवी पत्र्याची पट्टी असते, तेल एका बाजूला धावू नये म्हणून. हे चेंबर मी मागच्या हिवाळ्यात बदललं होतं, जुन्याला तडा गेला म्हणून. नवीन आणलेल्यात पट्टी नव्हती आणि जुन्यातली काढून घालायचं मी "नंतर" वर टाकलं होतं. बरं, तेलही मी दोन खुणांच्या मध्ये ठेवायचे, कारण कमी तेल असलं की क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता मुख्य दांडा, त्यात घुसळत नाही आणि थोडी ताकद वाचते असं मला कुणीतरी पटवलं होतं. कुणी ते आठवत नाही. बहुधा मीच.

गणित साधं आहे. वळणात गाडी जेव्हा १ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाइतक्या, जोराने बाजूला ओढली जाते तेव्हा चेंबरमधलं तेल ४५ अंशांचा कोन करून एका भिंतीला उभं राहतं. पंपाची तोटी आमच्या इंजिनात उजव्या अंगाला. उजवं वळण आलं की तेल डावीकडे. छोटं वळण असेल तर पंपाला कळायच्या आत संपतं. कोरम, चार्लीज, ख्रिस कर्व्ह ही सगळी लांबलचक आणि सगळी उजवी. तेवढा वेळ पंप हवा ओढत होता. पावसात गाडीचा वेगच कमी, म्हणून तेल जागेवर. वायर बिचारी पहिल्यापासून घट्ट होती.

"सुई किती दिवसांपासून जाते खाली?" दादाने विचारलं.

"मार्चपासून."

तो काही बोलला नाही. हात पुसले आणि बाहेर जाऊन उभा राहिला. पाचएक मिनिटांनी परत येऊन पाना मागितला.

मंगळवार

तिसऱ्या सिलिंडरचा रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, खाली सोडला. बेअरिंग म्हणजे पातळ धातूच्या दोन अर्धगोल पट्ट्या, जोडल्या की कडं होतं. चांगली पट्टी आतून राखाडी आणि मऊ दिसते. ही मधोमध तांबूस झाली होती, वरचा थर जाऊन आतलं तांबं उघडं. कडेला ओरखडे. चौथ्याची सुरुवात झालेली, पहिली दोन ठीक.

सगळा प्रश्न क्रँकचा. त्याच्यावर खोल चरे असले तर तो काढून घासायला द्यायचा, म्हणजे मॅलरी विसरा. नख फिरवून पाहिलं. नख अडकलं नाही. निळ्या काकांनी मायक्रोमीटर आणला, चार ठिकाणी माप घेतलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि मान हलवली. क्रँक वाचला होता. इंजिन त्याच फेरीला बंद केलं म्हणून. मी तेवढं श्रेय घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पार्ट मागवले. उरलेला दिवस मी शेडच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसले, कारण साहेबांना शंका आली होती.

बुधवार

पट्ट्या आणि रॉडचे नवीन बोल्ट आले. जुने बोल्ट परत वापरायचे नाहीत, एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा कधी दगा देईल सांगता येत नाही.

आता मोजणी. क्रँक आणि पट्टी यांच्यामधली फट केसाहून बारीक असते आणि ती मोजायला एक मजेशीर गोष्ट आहे: मेणासारख्या प्लास्टिकचा बारीक दोरा, प्लास्टिगेज. अर्ध्या इंचाचा तुकडा कापून क्रँकवर आडवा ठेवायचा. वरून रॉडची टोपी बसवायची, बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचे. क्रँक जराही फिरवायचा नाही. मग परत सगळं सोडायचं. दोरा चेपून पट्टी झालेली असते. जेवढी फट कमी तेवढी पट्टी रुंद. पाकिटावरच छापलेल्या रेघांशी ती जुळवून बघायची.

दादा खाली झोपलेला, मी कागद धरून. हिरवी पट्टी माशाच्या खवल्याएवढी. श्वास रोखून रेघांजवळ नेली.

"पॉइंट झिरो पाच," मी म्हणाले.

"नीट बघ."

"०.०५१ मिलिमीटरच्या रेघेला बरोबर."

पुस्तकात दिलेल्या मर्यादेत. चारही रॉडना हेच केलं. दोरा नखाने खरवडून काढला, पट्ट्यांना तेल लावलं, शेवटचं आवळलं. टॉर्कचा पाना कट् करतो तो आवाज मला रेसच्या कुठल्याही आवाजापेक्षा आवडतो, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

गुरुवार

पडदा. जुनी पट्टी काढून आणता आली नसती, ती इथून लांब होती. निळ्या काकांनी फळीवरच्या खोक्यातून त्यांच्या मोडलेल्या इंजिनाची काढली. नुसती पट्टी नाही, तिला छोटी बिजागरीची दारं: तेल तोटीकडे येऊ देतात, परत जाऊ देत नाहीत. सहा भोकांपैकी पाच जुळली. सहावं दादाने ड्रिल केलं आणि चेंबर तीनदा धुतलं, कारण आता आत लोखंडाचा कीस राहिला तर पहिल्यापासून रडायचं.

सीलंट लावून चेंबर चढवलं. ते सुकायला रात्रभर. करण्यासारखं काही नाही, म्हणून तिघं इंजिनाकडे बघत बसलो.

शुक्रवार

तेल, वरच्या खुणेपर्यंत. दादाने स्वतः ओतलं, नरसाळं माझ्या हातात दिलं नाही.

स्पार्क प्लग काढून, इग्निशन तोडून, नुसता स्टार्टर फिरवायचा. हेतू हा की इंजिन पेटायच्या आधी तेल सगळीकडे पोचावं. दहा सेकंद. सुई मेलेली. थांबा. दहा सेकंद. मेलेली. तिसऱ्यांदा ती थरथरली आणि एकदम वर सरकली. मी ओरडले. प्लग लावले, किल्ली फिरवली. टकटक नव्हती. वीस मिनिटं चालवून तेल बदललं, फिल्टर बदलला, जुना फिल्टर कापून कागद उलगडून पाहिला. चमकी नाही.

शनिवार

मॅलरीकडे प्रवास. दोन थांबे. दुसऱ्या थांब्याला दादाने मागच्या उजव्या चाकावरून हात जरा लवकर उचलला. मी सांगितलं की ब्रेकची केबल उद्या बघू. संध्याकाळी पॅडॉकमध्ये पोचलो आणि मी लगेच झोपले.

रविवार

मॅलरी पार्क कॅडवेलच्या अगदी उलट. १.३५ मैलांची फेरी, मिनिटाच्या आत-बाहेर संपणारी, मध्ये तळी. वळणं मोजकी. पण त्यातलं पहिलं जेरार्ड्स: लांबच लांब उजवं, जवळजवळ अर्धं वर्तुळ. माझ्या इंजिनाच्या दृष्टीने देशात याहून वाईट वळण शोधून सापडलं नसतं.

आधी आवाजाची तपासणी. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, ४५ अंशांवर मीटर धरतात. पास.

क्वालिफाइंगमध्ये मी जेरार्ड्सला रस्त्यापेक्षा सुईकडे जास्त पाहिलं आणि त्याची शिक्षा म्हणून २४ जणांत एकोणिसावी. पण सुई चारवर. एका फेरीला साडेतीनवर आली असेल. वळणभर तिथेच.

रेसला निघताना दादा खिडकीत वाकला. मला वाटलं धीर देईल. त्याने डॅशबोर्डवरच्या मीटरच्या काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला, एकच्या खुणेशी. "इथे आली तर बंद. वायर-बियर काही नाही."

पहिल्या फेऱ्या गर्दीत गेल्या. शॉज हेअरपिन इतकं आखूड आहे की स्टिअरिंग फिरवताना हात एकमेकांत अडकतात, आणि चौघं एकदम तिथे शिरले की ज्याची सहनशक्ती जास्त तो आधी बाहेर पडतो. मी दोघांना तिथे मागे टाकलं. पुढे डेव्हिल्स एल्बोचा डावा उतार, सरळ, आणि परत जेरार्ड्स. आत शिरताना तिसऱ्यातून चौथा गिअर, मग स्टिअरिंग एकाच जागी धरून बसायचं. मान डावीकडे ओढली जाते, पुढची चाकं कुरकुरतात, आणि वाट पाहायची. एक, दोन, तीन, चार. डोळ्याच्या कोपऱ्यात सुई. जागेवर. सातव्या फेरीपासून मी तिच्याकडे पाहायचं विसरले, आणि मग मला जेरार्ड्स घेता यायला लागलं. पांढरी गाडी बाहेरून गेली. पांढरी गाडी मी आतून परत घेतली.

निळे काका शेवटच्या दोन फेऱ्या समोर दिसत होते. गाठले नाहीत. त्यांनी हातही दाखवला नाही, आरशात माझ्याकडे बघत असावेत.

तेरावी. सीझनमधला माझा सर्वांत चांगला नंबर. इंजिन बंद केलं तेव्हा दादा आधी बॉनेटवर कान टेकून ऐकत होता, मग माझ्याकडे आला.

गाडी ट्रेलरवर चढवली, दीड तास, पट्टे, पट्ट्यांची तपासणी. पॅडॉक जवळजवळ रिकामं झालं होतं. निघालो आणि अर्ध्या तासात दादाने हाताने खूण केली: बाजूला घे. त्याला आरशात काहीतरी दिसलं होतं. रस्त्याकडेच्या थांब्यात उतरलो. तो मागच्या उजव्या चाकाशी वाकला, हात न्यायच्या आधीच मागे घेतला. चाकाच्या मध्यातून ग्रीस वितळून रिमवर ओघळलं होतं. त्याने बूट टेकवून टायर हलवला. टायर हलला, आतून कर्र असा आवाज आला.

"तू काय म्हणाली होतीस?"

"ब्रेक चिकटत असेल."

दादाने बॅटरी माझ्या हातात दिली आणि जॅक काढायला गेला. मी निळ्या काकांना फोन लावला. ट्रेलरचं बेअरिंग त्यांच्या त्या फळीवरच्या खोक्यात असेल का, असं विचारायला सुरुवात केली, तर त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मागचं उजवं ना, म्हणाले, सोमवारी शेडमध्ये आलात तेव्हाच करकरत होतं, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.